वर, शाप आणि यंत्र: पुराणकथेतून विज्ञानकथेचं जग कसं उभारायचं

पुराणकथा आणि तंत्रज्ञान एकत्र आणायचं ठरवलं की पहिला मोह नावांचा होतो. क्षेपणास्त्राला ब्रह्मास्त्र म्हणायचं, अवकाशयानाला पुष्पक, संगणकाला चित्रगुप्त. असं जग दोन पानांत तयार होतं आणि तिसऱ्या पानावर विरून जातं, कारण बदलली ती फक्त पाटी. पुराणकथेत टिकाऊ काय असतं, तर तिच्यातली अट. कुणाला काय मिळालं, कशाच्या बदल्यात मिळालं, कुठली पळवाट उघडी राहिली आणि तिथून कोण आत शिरलं. ही अट उचला, तिला चालवणारं खरंखुरं यंत्र शोधा आणि त्या यंत्राभोवती माणसं वसवा. हा सगळा लेख एवढ्याच कामाचा आहे. सोबत एक जग शेवटपर्यंत उभारत नेऊ, म्हणजे प्रत्येक पायरी हाताला लागेल.

पायरी १: कथेतली अट सोडवून घ्या

एक कथा निवडा. लहान निवडा, अख्खं महाभारत घेऊन बसू नका. एखादं उपाख्यान, एखादा वर, एखादा शाप पुरेसा आहे. मग ती कथा पाच-सहा वाक्यांत लिहा आणि त्यात एकही विशेषनाम येऊ देऊ नका. देव, राक्षस, ऋषी हे शब्दही नकोत. ‘देणारा’, ‘मागणारा’, ‘मिळालेली गोष्ट’ एवढंच ठेवा.

हिरण्यकश्यपूची कथा अशी लिहून पाहा. मागणाऱ्याला मरण नको आहे. देणारा म्हणतो, पूर्ण अमरत्व मिळणार नाही, अटी सांग. मागणारा सुचतील तेवढ्या अटी घालतो: दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, जनावराकडून नको. यादी त्याला पूर्ण वाटते. पण प्रत्येक दोन टोकांच्या मधे एक जागा उरलेली असते आणि मृत्यू नेमका तिथून येतो. विशेषनामं गेल्यावर समोर काय राहिलं? आज्ञा शब्दशः पाळणारी व्यवस्था आणि आज्ञा लिहिताना सुटलेली जागा. स्वयंचलित यंत्रणांना उद्दिष्ट नेमून देणाऱ्या संशोधकांना रोज सतावणारा प्रश्न हाच आहे. रावणाची गोष्ट त्याहून छोटी आणि अधिक बोचरी. देव-दानवांपासून संरक्षण मागताना त्याने माणसाचं नाव घेतलंच नाही, कारण माणूस त्याच्या लेखी धोका नव्हता. यादी तुच्छतेमुळे अपुरी राहिली. ज्या यंत्रणेला ‘धोका नसलेले’ लोक मोजायला शिकवलेलंच नाही, तिच्याभोवती एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते.

कर्णाला अस्त्र येतं, पण शापामुळे ऐन वेळी मंत्र आठवत नाही: हत्यार हातात आहे, परवानगी काढून घेतलेली आहे. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येतं, मागे घेता येत नाही. अर्जुनाला दोन्ही येतं. एकाच शस्त्राचे हे दोन पातळ्यांचे अधिकार आहेत. ग्रीक कथेतला टेलॉस हा काशाचा राक्षसी पहारेकरी क्रीट बेटाभोवती दिवसाला तीन फेऱ्या घालतो. त्याच्या अंगात एकच शीर असते आणि ती घोट्याजवळ एका खिळ्याने बंद केलेली असते. नॉर्स देव ओडिनचे दोन कावळे रोज जगभर फिरून बातम्या आणतात, आणि ते परत येतील ना, ही धास्ती त्याला रोज असते. या कथांतून वस्तू काढून घेतली तरी अट जिवंत राहते. तुमच्या कथेत तशी अट सापडत नसेल तर दुसरी कथा घ्या. नुसती भव्य दृश्यं असलेल्या कथेवर फार काळ झुंजू नका.

आपल्या नमुन्यासाठी मी त्रिपुराची कथा घेतो. तीन भावांची तीन नगरं: एक लोखंडाचं, एक चांदीचं, एक सोन्याचं. पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि स्वर्गात अशी ती फिरत असतात. मेलेल्यांना जिवंत करणारं पाणी त्यांच्याकडे आहे. तिन्ही नगरं हजार वर्षांतून एकदाच एका रेषेत येतात आणि त्या क्षणी एकाच बाणाने तिन्हींचा नाश होऊ शकतो. एरवी नाही.

विशेषनामांशिवाय ती अशी दिसते: तीन जागा एकमेकींना वाचवतात. एक पडली तर उरलेल्या दोघी तिला उभी करतात. म्हणून नाश करायचा तर तिघींचा एकाच वेळी करावा लागतो, आणि ती वेळ फार क्वचित येते.

पायरी २: कथा आणि यंत्र यांचं नातं ठरवा

तुमच्या जगात आधी काय होतं, कथा की यंत्र? याचं उत्तर पहिल्या प्रकरणाआधी तुमच्याकडे हवं. तीन वाटा आहेत.

पहिली वाट: यंत्र आधी होतं, लोक विसरले, कथा उरली. ही सर्वांत वापरली गेलेली वाट आहे आणि तरीही सर्वांत समृद्ध, कारण तिला खऱ्या जगाचा भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये माझामा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला, पर्वताचा माथा खचला आणि तिथे आज क्रेटर लेक आहे. तिथल्या क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा स्वामी लाओ आणि आकाशाचा स्वामी स्केल यांचं युद्ध होतं. आग बरसते आणि शेवटी पर्वतच कोसळतो. घटनांचा क्रम टिकला आहे, कारणं मात्र व्यक्ती झाली आहेत. लेखकासाठी हे सोनं आहे. विस्मृती कशी काम करते ते इथे दिसतं: आकडे आधी जातात, कारणांना चेहरे येतात, आणि काय करायचं व काय टाळायचं हे सगळ्यात शेवटपर्यंत राहतं.

दुसरी वाट उलटी आहे: बांधणाऱ्यांना कथा माहीत होती आणि त्यांनी मुद्दाम तिच्यासारखं काहीतरी बांधलं. आपणही हेच करतो. अपोलो, आर्टेमिस, अग्नी ही नावं वैज्ञानिकांनीच दिलेली आहेत. पण नावापुढे जाऊन विचार करा. अणुकचरा पुरलेल्या जागेचा इशारा दहा हजार वर्षं कसा टिकवायचा, हा प्रश्न अमेरिकेत १९८० च्या दशकात गांभीर्याने हाताळला गेला. चिन्हशास्त्रज्ञ थॉमस सिबिओक यांनी १९८४ च्या अहवालात सुचवलं की भाषा बदलेल, पाट्या वाचता येणार नाहीत, म्हणून विधी आणि दंतकथा यांच्या मदतीने इशारा पुढे नेणारा ‘अणुपुरोहितां’चा एक गट असावा. अभियांत्रिकीच्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून जाणूनबुजून पुराणकथा रचायची, असा हा प्रस्ताव होता. तुमच्या जगातल्या संस्थापकांनी असंच केलं असेल तर? आणि त्यांनी रचलेल्या कथेत एक वाक्य खोटं असेल तर?

तिसऱ्या वाटेत देव खरेच असतात आणि यंत्रं त्यांच्याशी व्यवहार करतात. ही अवघड वाट आहे. इथे देवांनाही मर्यादा हव्यात, नाहीतर यंत्रांची गरजच उरत नाही. मी नवख्याला या वाटेने पाठवणार नाही.

एक वाट मुख्य ठेवा. आपल्या नमुन्यात पहिल्या दोन्ही वाटा गुंफू: बांधणाऱ्यांनी जाणूनबुजून एक विधी घालून दिला आणि पुढच्या पिढ्या त्याचं कारण विसरल्या.

पायरी ३: यंत्र शोधा आणि गणित मांडा

इथे सावकाश चला. जगाचा कणा या पायरीवर तयार होतो.

गणित करून पाहिल्याने कथा बिघडते असा एक समज आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. टेलॉसचंच घ्या. क्रीटची किनारपट्टी साधारण हजार किलोमीटर. दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे तीन हजार किलोमीटर, म्हणजे न थांबता ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेग. एवढा आकडा कागदावर आला की प्रश्न आपोआप सुटे होतात. हे धूड एवढ्या वेगाने खडकांवरून धावत असेल तर त्याचे पाय कशाचे? उष्णता जाते कुठे? कदाचित समुद्रात उतरून तो अंग थंड करत असेल. मग किनाऱ्यावरच्या कोळ्यांना त्याची वेळ पाण्याच्या वाफेवरून कळत असेल. शिवाय तो आठ तासांनी परत त्याच जागी येतो, म्हणजे चाचे लोक आठ तासांच्या हिशेबाने जगत असतील. एका भागाकारातून कोळी आले, चाचे आले, दिवसाची विभागणी आली.

रेवतीच्या कथेतही हेच करून पाहा. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात जातो. तिथे गाणं चालू असतं म्हणून थोडा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटून जातात. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं धरलं तर ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने गेलात तर तुमच्या एका वर्षात घरी दहा वर्षं जातात, ९९.९९९९५ टक्के वेगाने गेलात तर हजार. म्हणजे गाण्याएवढ्या वेळात कोट्यवधी वर्षं घालवायची तर वेग अशक्यप्राय वाढवावा लागेल. कथाकार म्हणून तुम्हाला तेवढं लागतही नाही. दहापट पुरेसं आहे. आठ वर्षांच्या फेरीवरून परत आलेल्या बापलेकीसाठी ऐंशी वर्षं उलटलेली असतात. ठरवलेला मुलगा गेलेला असतो, त्याचा नातू दारात उभा असतो. मूळ आकड्यापेक्षा हा आकडा जास्त दुखतो. पुराणातले आकडे जसेच्या तसे उचलायची गरज नाही. त्यांचा परिणाम उचला.

आता आपली तीन शहरं. समजा, एका ग्रहाभोवती तीन मोठ्या वसाहती वेगवेगळ्या उंचीवर फिरत आहेत. एकमेकींना वाचवण्याचं तंत्र खऱ्या अभियांत्रिकीत आहेच. एकच हिशेब तीन ठिकाणी करायचा, तिन्ही उत्तरं ताडून पाहायची आणि एखादं वेगळं आलं तर दोघांचं बहुमत मानायचं. अपोलो मोहिमांच्या सॅटर्न ५ रॉकेटच्या संगणकात ही पद्धत वापरली होती. आपल्या शहरांत प्रत्येकीकडे तिघींची संपूर्ण नोंद आहे: कायदे, बियाणं, हवेचं गणित, लोकांच्या आठवणी. एक शहर बिघडलं, भ्रष्ट झालं, कुणी बळकावलं, तरी उरलेल्या दोघी बहुमताने त्याला पुन्हा मूळ रूपात आणतात. मेलेल्यांना जिवंत करणारं पाणी म्हणजे ही नोंद.

मग रेषेत आल्यावर काय बिघडतं? इथे मी बराच वेळ घालवला असता आणि तुम्हीही घालवा, कारण पुराणातली सर्वांत विचित्र अट जर यंत्रातून सहज निघाली तर वाचक तुमचा होतो. उत्तर असं: शहरं एकमेकींशी लेसर किरणांनी बोलतात आणि बोलणारी कोण आहे हे किरण कुठल्या दिशेने आला यावरून ओळखतात. संस्थापकांनी सांकेतिक चाव्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. त्यांच्या पिढीने चाव्या चोरीला गेल्यामुळे एक युद्ध पाहिलं होतं. चावी चोरता येते, आकाशातली जागा चोरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ग्रह मधे आला की किरण अडतो, मतदान थांबतं, धोका नाही. पण तिघी एका रेषेत आल्या की सगळ्यात खालच्या शहराला मधलं आणि वरचं शहर एकाच दिशेला दिसतं. मधल्या शहराने दोनदा संदेश पाठवला तर खालच्या शहराला ती दोन वेगळी मतं वाटतात. वरच्या शहराचीही तीच गत. त्या काही क्षणांत ज्याच्या ताब्यात मधलं शहर, त्याच्या ताब्यात तिन्ही. एकच बाण. आणि तो बाण म्हणजे एक खोटं वाक्य.

रेष क्वचित का जुळते, याचंही कारण हवं. तिन्ही कक्षांच्या पातळ्या एकमेकींना कललेल्या आहेत. ग्रह विषुववृत्ताशी थोडा फुगलेला असल्यामुळे या पातळ्या हळूहळू फिरत राहतात. पृथ्वीभोवती हे खरोखर घडतं: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या कक्षेची पातळी रोज सुमारे पाच अंश सरकते, उंचावरच्या कक्षांची फारच मंद. तिन्ही पातळ्या आणि तिन्ही शहरं एका बारीक किरणाच्या रुंदीत यायला म्हणूनच वाट पाहावी लागते. हजार वर्षं मात्र ठेवू नका. मी साठ ठेवेन. गुरू आणि शनी आकाशात साधारण वीस वर्षांनी एकत्र येतात आणि अशा तीन भेटींनंतर, म्हणजे सुमारे साठ वर्षांनी, ती भेट जवळपास त्याच ताऱ्यांमधे होते. साठाचा आकडा म्हणून आकाशाला साजेसा आहे. त्याहून मोठं कारण माणसाचं आहे. साठ वर्षांत मागची रेष पाहिलेली माणसं थोडी उरलेली असतात, म्हातारी असतात आणि त्यांचं कुणी ऐकत नाही.

पायरी ४: हलाहल कुठे जातं?

समुद्रमंथनातून अमृताआधी हलाहल आलं, ही पुराणकारांची मला सर्वांत आवडलेली नोंद आहे. मोठ्या उद्योगातून फळाआधी विष निघतं आणि ते कुणाला तरी घशात धरावं लागतं. तुमच्या यंत्राचं हलाहल शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऊर्जा कुठून येते, कचरा कुठे जातो, कोण आजारी पडतं, कोणाचं काम कधीच संपत नाही?

तीन शहरांत हे विष साधं आहे. शहरं एकमेकींना सतत मूळ नोंदीवर आणतात, म्हणजे कुठलंच शहर फारसं बदलू शकत नाही. नवा कायदा करायचा तर दोघींचं मत लागतं. एखाद्या शहरात माणसांनी गुलामी बंद केली आणि दुसऱ्या दोघींना ती बंदीच बिघाड वाटली, तर? जी व्यवस्था मरण टाळते तीच सुधारणाही पुसून टाकते. आता रेषेच्या क्षणी मधलं शहर बळकावू पाहणारा माणूस खलनायक आहे की सुटका करणारा, हे सांगणं अवघड झालं. इथे पोहोचलात की समजा, जग चालू लागलं.

पायरी ५: माणसं, विधी, भांडणं

यंत्रावर कोणाचं पोट आहे ते लिहा. राजे आणि शास्त्रज्ञ सोडून विचार करा: भिंगं पुसणारे, नोंदी उतरवणारे, दिशा मोजणारे. आपल्या जगात रेष कधी जुळणार हे पाहणाऱ्या घराण्यांना लोक ‘रेषेकरी’ म्हणतात. त्यांना मान आहे, जमीन नाही. साठ वर्षांतून एकदाच त्यांचं काम पडतं. उरलेल्या काळात त्यांना कशाला पोसायचं, हा वाद दर पिढीत होतो.

मग विधी. विधी रचण्याची मला सापडलेली सर्वांत चांगली रीत अशी: आधी सुरक्षेचा एक कोरडा नियम लिहा, मग त्यातलं कारण खोडा आणि कृती ठेवा. संस्थापकांचा नियम होता, ‘रेष जुळायच्या आधी तिन्ही शहरांनी आपापले किरणग्राहक झाकून घ्यावेत आणि रेष मोडेपर्यंत कुठलाही संदेश स्वीकारू नये.’ कारण खोडल्यावर राहिलं ते एवढंच: त्या दिवशी झडपा बंद करायच्या, डोळे मिटायचे, बोलायचं नाही. चारशे वर्षांनी तो सण झालेला आहे आणि शहरं लोकांच्या तोंडी तीन बहिणी झाल्या आहेत: वरची थोरली, मग मधली, खालची धाकटी. मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात. कुणी बोललं तर थोरली बहीण रागावते म्हणतात. व्यापाऱ्यांना मात्र तेवढा वेळ संदेश बंद ठेवणं परवडत नाही आणि सभेत ठराव येतो की ही जुनी अंधश्रद्धा बंद करावी. तुमचा वाचक बहुधा विवेकवादी असेल आणि त्याला ठराव बरोबर वाटेल. वाटू द्या.

कथा एकाच रूपात ठेवू नका. खरी पुराणकथा कधीच एकटी नसते. गावागणिक तिची बाजू बदलते. खालच्या शहरात सांगतात की मधलीने एकदा थोरलीचा आवाज काढून धाकटीला फसवलं. मधल्या शहरात सांगतात की दोघी बहिणींनी विनाकारण संशय घेतला आणि मधली तेव्हापासून गप्प आहे. वरच्या शहरात कथा सांगतच नाहीत, फक्त त्या दिवशी दिवे मालवतात. तिन्ही रूपं तुमच्या वहीत असू द्या. कोणाचं खरं, हे तुम्हाला माहीत हवं, पात्रांना नको.

पायरी ६: नावं आणि वस्तू

नावं शेवटी ठेवायची, हे आता पटलं असेल. त्रिपुर हा शब्द या जगात येणारच नाही. लोक शहरांना थोरली, मधली, धाकटी म्हणतात. सरकारी कागदांवर काहीतरी लांबलचक असेल, ते कुणी वापरत नाही. रोज तोंडात येणारी गोष्ट झिजून लहान होते, हा नियम यंत्रांनाही लावा. वाचकाला मूळ कथा ओळखू येईल की नाही याची काळजी करू नका. ज्याला येईल त्याला आनंद होईल, ज्याला येणार नाही त्याचं काही अडणार नाही.

वस्तू ज्या काळाच्या, त्या काळाच्या साधनांनी बनलेल्या हव्यात. १९०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून काशाचं एक यंत्र वर आलं. त्यात किमान ३० दातेरी चाकं आहेत आणि त्यावरून ग्रहणांचा अंदाज बांधता येत असे. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे यंत्र थक्क करतं, कारण ते काशाचं आणि हाताने फिरवायचं आहे, त्या कारागिरांना जे येत होतं त्याच्याच टोकावरचं आहे. तुमच्या प्राचीनांकडे उगाच पडदे आणि बटणं देऊ नका. त्यांच्याकडे धातू, काच, दोरी, पाणी, पाठांतर असेल तर त्याच सामानातून शक्य तेवढं अचाट करून दाखवा. पाठांतर हेसुद्धा तंत्रज्ञान आहे, आणि शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याच्या वैदिक पाठपद्धती चुका पकडण्यासाठीच आहेत. तीन शहरांतल्या बहुमताशी त्यांचं नातं लावून पाहा.

पायरी ७: कल्पना आणि दावा वेगळे ठेवा

थोडक्यात सांगतो, पण मनापासून. आपण जे करतो आहोत ते ललित लेखन आहे. ‘आपल्याकडे हे सगळं होतंच’ असा सूर कथेत किंवा प्रस्तावनेत येऊ देऊ नका. वैमानिक शास्त्र या ग्रंथाचं उदाहरण पुरेसं आहे: बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचला गेला आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत. पुराणकारांची कल्पनाशक्ती अफाट होती आणि तिला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. दुसरं म्हणजे, ज्या समाजात एखादी कथा आजही श्रद्धेने सांगितली जाते तिथली कथा घेताना ती नीट वाचा, तिची स्थानिक रूपं शोधा, आणि जी गोष्ट त्या लोकांनी बाहेर सांगायची नाही असं ठरवलं असेल ती घेऊ नका.

पायरी ८: जग प्रसंगात उतरवा

वहीत आता कक्षा आहेत, किरण आहेत, रेषेकरी आहेत, तीन कथा आहेत. यातलं बहुतेक वाचकाला कधीच सांगायचं नाही. पहिल्या प्रसंगात एकच गोष्ट न्या: विधी, आणि त्यात पडलेली खोट. असा:

“आजी, डोळे का मिटायचे गं?”

“मधली आपल्या अन् थोरलीच्या आड येते म्हणून.”

“आली तर काय होतं?”

“थोरलीच्या आवाजात बोलते ती.” आजीने तिच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. खाली, जमिनीच्या पोटात, लोखंडी झडपा एकेक करून मिटत गेल्या. प्रत्येक आवाजाला आजीचं बोट तिच्या कपाळावर हलकेच टेकत होतं. चार. पाच. सहा.

बोट हवेतच थांबलं.

“आजी, झालं?”

“गप्प राहा,” आजी म्हणाली. “सातवी वाजली नाही.”

यात लेसर नाही, बहुमत नाही, संस्थापक नाहीत. तरी वाचकाला कळतं की इथे काहीतरी बंद व्हायला हवं होतं, ते झालं नाही आणि एका म्हातारीला त्याचा अर्थ माहीत आहे. यंत्राचं स्पष्टीकरण जितकं उशिरा येईल तितकं बरं, आणि ते आलं की वाचकाला या सातव्या झडपेकडे मागे वळून पाहावंसं वाटलं पाहिजे. स्पष्टीकरण देणारं पात्र सर्वज्ञ नको. त्याला अर्धंच माहीत असू दे आणि उरलेलं अर्धं विरोधकाकडे असू दे, म्हणजे माहिती भांडणातून बाहेर येईल.

मसुदा झाला की तीन गोष्टी तपासा. एक: सगळी पौराणिक खूण पुसून टाकली तर कथा उभी राहते का? राहिली पाहिजे. दोन: सगळं तंत्रज्ञान पुसून टाकलं तर? पडली पाहिजे, नाही पडली तर यंत्र नुसतंच सजावटीला आहे, पायरी ३ वर परत जा. तीन: मूळ कथा ठाऊक नसलेल्या एखाद्याला मसुदा वाचायला द्या आणि त्याला या जगातली एखादी समजूत त्याच्या शब्दांत सांगायला लावा. तो जिथे आकडे विसरेल, कारणांना चेहरे देईल आणि तरी ‘त्या दिवशी बोलायचं नसतं’ एवढं बरोबर सांगेल, तिथे काही बदलू नका. बाकीच्या जागा पुन्हा लिहा.